बाटलीपुरता खड्डा

रूपसिंग कुठंही गेला की आधी वारा बघायचा. बाकीचे लोक सावली बघतात, ओळखीचं कोण बसलंय ते बघतात. हा झाडाची पानं कुठल्या अंगाला हलतात ते बघायचा आणि वारा जिकडं निघून जातोय त्या टोकाला जाऊन बसायचा. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून त्यानंच ही सवय लावून घेतली होती. त्याच्या डाव्या नडगीवर एक जखम होती. ती बारा वर्षं वाहत होती आणि तिला वास होता.

माणूस मूळचा वरचा. काठी गावाच्याही पलीकडं दोन डोंगर चढून गेलं की सहा-सात घरांचा पाडा, त्यातलं सगळ्यात उंचावरचं घर रूपसिंगचं. पण राहायचा तो खाली, पायथ्याला, बहिणीचा नवरा उदेसिंग याच्या पडवीत. वर त्याची बायको रमिलाबाई एकटीनं शेत बघायची, घर राखायची आणि आठवड्याच्या बाजाराला चार तासांची वाट उतरून खाली यायची. बारा वर्षांचा संसार त्या दोघांनी बाजाराच्या दिवशी केला. ऐकायला गंमत वाटते. करून बघावा म्हणजे कळेल.

झालं होतं ते असं. एकावन्न सालच्या वैशाखात तो कैऱ्या उतरवायला आंब्यावर चढला. कैऱ्या कापून वाळवायच्या आणि आमचूर करायचा, हे तिकडच्या घराघरातलं उन्हाळ्याचं काम. फांदी मोडली, हा खाली खडकावर आला आणि नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर निघालं. पाड्यातल्या जाणत्यानं हाड बसवून वरून बांबूच्या कामट्या बांधल्या. काम त्यानं चोख केलं होतं, पुढं डॉक्टरांनीही ते कबूल केलं. हाड सरळ जुळलं. पण जुळलं ते आतली घाण घेऊन.

मग सुरू झाला एक विचित्र फेरा. जखमेचं तोंड मिटायचं, घरचे हरखायचे आणि तिसऱ्या दिवशी रूपसिंग तापानं फणफणायचा. मग ते तोंड पुन्हा फुटायचं, पू वाहायचा आणि ताप उतरायचा. म्हणजे जखम बरी झाली की माणूस आजारी आणि जखम वाहायला लागली की माणूस बरा! पायथ्याचा कंपाउंडर सुया टोचायचा. सुईनं ताप जायचा, दुखणं आपल्या जागी बसून असायचं. दोनदा त्यानं वर चढून बघितलं. दोन्ही वेळा दुसऱ्या वळणाशी पाय फुटला आणि फडक्यानं आवळून, बसत-उठत खाली यावं लागलं. उदेसिंग म्हणाला, चौघांना बोलावतो, झोळीत घालून नेतो. रूपसिंग तयार होईना. पहिल्याच तापात तो झोळीतून खाली आला होता, तेवढं त्याला पुरे होतं. आता वर जायचं ते आपल्या पायांनी.

जखमेतून मधूनमधून हाडाची बारीक कपची निघायची, कधी तांदळाच्या दाण्याएवढी, कधी नखाएवढी. ती तो पळसाच्या पानात गुंडाळून ठेवायचा आणि बाजाराच्या दिवशी रमिलाबाईला द्यायचा. ती वर नेऊन घरामागच्या मोहाच्या मुळाशी पुरायची. “मी थोडा थोडा घरी चाललोय,” तो आपल्या बोलीत म्हणायचा. पहिल्यांदा ती हसली होती. पुढंपुढं नुसतं पान घ्यायची आणि पदराच्या टोकाला बांधायची.

या सगळ्यावर आणखी एक गाठ बसलेली होती. तरुणपणी आई तापातून उठावी म्हणून त्यानं काठीच्या होळीला पाच वर्षं बुध्या व्हायचा नवस बोलला होता. बुध्या म्हणजे होळीचा नवसकरी नाच्या: अंगभर राखेचे ठिपके, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला मोठमोठे घुंगरू. आई उठली. रूपसिंग चार वर्षं नाचला, चौथ्या वर्षी होळीनंतर दोन महिन्यांत आंब्यावरून पडला आणि पाचवं वर्ष राहिलं ते राहिलंच. लोक म्हणत, नवस अर्धा राहिलाय म्हणून पाय बरा होत नाही. आता पाय बरा झाल्याशिवाय नवस तरी पुरा कसा व्हायचा, हे मात्र कुणी सांगत नसे. बोलणाऱ्यांचं काय जातं! रूपसिंगनं ती गाठ बारा वर्षं उलटीसुलटी करून पाहिली, तिचं टोक त्याला सापडलं नाही.

हाती राहिली होती एवढी पालनी. पालनी म्हणजे होळीआधी नवसकऱ्यानं पाळायचे नेम. त्यातला मोठा नेम खाटेचा: खाटेवर बसायचं नाही, निजायचं नाही, पाठ भुईलाच टेकायची. उदेसिंगच्या पडवीत त्यानं अकरा होळ्यांची पालनी एकट्यानं पाळली. नाचता येत नव्हतं, निजता तर येत होतं. वरच्या डोंगराशी त्याचा तेवढाच धागा उरला होता आणि तो तुटला तर आपण कायमचे खालचे झालो, अशी भीती त्याच्या मनात घर करून बसली होती.

त्रेसष्ट सालच्या माघात पाय गुडघ्यापर्यंत सुजला आणि या वेळी जखम फुटूनही ताप उतरेना. उदेसिंगनं त्याला गाडीत घातलं, पुढं मोटारीत बसवलं आणि नंदुरबारला एका बारा खाटांच्या दवाखान्यात आणलं. तिथले डॉक्टर तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचे चिरंजीव, मुंबईला शिकून आलेले. हात हलका, मनानं भले. पण एकदा बोलायला लागले की समोरच्यालाही काही सांगायचं असेल हे त्यांच्या गावीही नसायचं.

त्यांनी पायाचा फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडाला धरला.

“हाडाचा एक तुकडा आत मरून पडलाय. बोटभर आहे. त्याच्यावर जंतूंनी बस्तान बसवलंय. बारा वर्षं सुया घेतल्यास, म्हणतोस. सुईचं औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या हाडात रक्त जात नाही. मग औषध पोचणार कसं? बाकीचे डॉक्टर सांगतील, गुडघ्याच्या वरून पाय कापा. मोकळं व्हा.”

रूपसिंगला त्यातलं अर्धं कळलं, शेवटचं पुरतं कळलं. पाय गेला की ती वाट गेली. लाकडाचा पाय लावून सपाटीवर फिरता येत असेल, दगडागोट्यांचा तो चढ चढता येणार नव्हता. म्हणजे उरलेला जन्म उदेसिंगच्या पडवीत, वाऱ्याच्या खालच्या टोकाला. 

“दुसरी वाट?” त्यानं विचारलं.

“आहे. पण मी हमी देत नाही.” डॉक्टरांनी इकडंतिकडं बघितलं. उदेसिंगच्या खांद्याला पाण्याचा तुंबा लटकत होता, वाळल्या दुधीचा. तो त्यांनी मागून घेतला. “यात आतून बुळबुळीत थर धरतो की नाही?”

“धरस,” रूपसिंग म्हणाला.

“बाहेरून दिवसभर धुतलं तर जाईल?”

रूपसिंगला हसू आलं. एवढं तर पोरीबाळींनाही माहीत असतं. तुंबा बाहेरून कोण धुतं? आत बारीक खडे आणि पाणी घालून खळखळवायचा.

“तेच करायचंय. मेलेलं हाड मी काढून टाकणार. जी पोकळी उरेल तिच्यात एका नळीनं वरून औषध सोडायचं, दुसऱ्या नळीनं खालून काढून घ्यायचं. अहोरात्र. जंतूंच्या त्या थरावर, जिथल्या तिथं. एकवीस दिवस हलायचं नाही.”

एकवीस दिवसांत होळी येत होती. रूपसिंगनं चंद्र मोजला आणि विचार केला, नाहीतरी चालून जाणं होणार नव्हतं. पालनी निजूनच पाळायची, ती इथंही पाळू. त्यानं मान हलवली. खाटेबद्दल तो काही बोलला नाही आणि डॉक्टरांनी काही विचारलं नाही.

शुद्ध हरपली ती परत आली तेव्हा पायातून दोन रबरी नळ्या निघालेल्या होत्या. एक वर गेली होती, खिडकीच्या गजाला टांगलेल्या बाटलीकडं. दुसरी खाली, खाटेखाली ठेवलेल्या बाटलीकडं. वरच्या बाटलीतून थेंब थेंब औषध उतरायचं. खालच्या बाटलीत पहिले दोन दिवस तांबडं, मग गढूळ पाणी यायचं. वॉर्डातली बाई होती कमलबाई, ती सकाळ-संध्याकाळ खालची बाटली ओतून, उकळत्या पाण्यानं धुऊन परत लावायची. उशाशी एका कुपीत मेलेलं हाड ठेवलेलं होतं. रूपसिंगनं ते मागून घेतलं होतं. करड्या रंगाचं, कुरतडल्यासारखं, बोटभर. एवढ्याशा तुकड्यानं आपल्याला बारा वर्षं खाली बांधून ठेवलं, म्हणून तो त्याच्याकडं रागानं बघत राहायचा.

पडून राहणं हे काम दिसतं तसं सोपं नाही. उताणं निजायचं, डावा पाय फळीवर, कूस बदलायची नाही. खिडकीतून एक कौलारू छप्पर आणि त्याच्यावरचा आभाळाचा तुकडा दिसायचा. डोंगर दुसऱ्या अंगाला होते. वारा कुठला, तेही कळायचं नाही. आठव्या दिवशी त्यानं बोटं मोजली. होळीला पाच दिवस राहिले होते. आजपासून पालनी, आणि आपण खाटेवर!

दुपारची जेवणं झाली होती, कमलबाई मागं भांडी घासत होती. रूपसिंगनं खाटेच्या पाट्या धरल्या, दात आवळून दोन्ही हातांनी पाय उचलला आणि नळ्या सांभाळत, एक एक वीत सरकत खाली उतरला. नळी निसटू दिली नाही, बाटली लवंडू दिली नाही. या काळजीचं त्याला फार कौतुक वाटलं. पाठ फरशीला टेकली, थंडावा अंगात शिरला आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागली.

खरा घोळ इथं होता. रूपसिंगला वाटायचं, खाट म्हणजे खालच्या लोकांची माणसाला मान द्यायची रीत. तीही औषधाचाच एक भाग आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खालची बाटली पायापेक्षा हातभर खाली होती म्हणून पाणी तिच्यात उतरत होतं. आता पाय फरशीवर आणि बाटलीही फरशीवर, तिचं तोंड पायाच्याही वर. वरून थेंब येत राहिले, बाहेर जायला वाट राहिली नाही.

कमलबाई आली ती किंचाळलीच. “अरे भाऊ, तू खाले कसा काय उतरना? दख, पाय कितला फुगी गया! डाक्टर माले खाई टाकतीन!”

टाके ताणले होते, पट्टी भिजून चिंब झाली होती, नडगी तडतडत होती. डॉक्टर धावत आले, नळी बंद केली, चौघांनी मिळून त्याला वर घेतलं. संध्याकाळपर्यंत ताप चढला. डॉक्टर संतापले होते. त्यांनी पट्ट्या मागवल्या आणि रूपसिंगची कंबर आणि छाती खाटेला बांधून टाकली.

“परवापर्यंत ताप उतरला नाही तर मला पाय कापावा लागेल. मग मला दोष देऊ नकोस.” आणि ते निघून गेले. का उतरलास, हे त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपसिंगनं पेज नाकारली, पाणी नाकारलं. तो छताकडं बघत पडला होता. खाट सोडावी तर पाय जातो. खाट धरावी तर पालनी मोडते, आणि पालनी मोडली तर पाय राहूनही तो बरा होणार नाही, असं त्याचं मन त्याला बजावत होतं. दोन्हीकडून दार लागलं होतं. बांधलेल्या पट्ट्यांपेक्षा हे बांधणं जास्त काचत होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं आणि पुसायला हात पोचत नव्हता.

कमलबाईनं आपल्या पदरानं ते पुसलं. “काय व्हयनं रे भाऊ? काबरं उतरना तू?”

“खाटवर निजानं नही, बाई. होळीनी पालनी शे मन्ही. बारा वरीसमा एक बी मोडी नही.”

कमलबाई तापीकाठच्या गावची. डोंगरातली पालनी तिनं कधी पाहिली नव्हती, पण नेम म्हणजे काय ते तिला सांगायला नको होतं. तिच्या माहेरी कानबाई देवी बसायची आणि तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांशिवाय कुणाच्या तोंडी पडू नयेत म्हणून तिची आई दारात राखणीला बसायची. ती काही वेळ खाटेखालच्या बाटलीकडं, मग फरशीकडं बघत राहिली.

“मंग बाटली आखीन खाले गई तं चालई ना?” ती म्हणाली.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा ती दारातच आडवी उभी राहिली. “डाक्टरसाहेब, त्यान्हा नेम शे. खाटवर निजत नही तो होळीलोंग. तुमी त्याले पुसंच नही.”

“मग काय त्याला भुईवर निजवू? जंतू कुठं असतात माहीत आहे का तुला?”

“फिनेलनी धुई टाकसू मी. तीन डाव धुई टाकसू. आनि बाटलीकरता खड्डा करसू.”

डॉक्टर खाटेजवळ आले. त्यांनी खाटेच्या माच्याची उंची हातानं मापली, मग उकिडवे बसून फरशीवर टिचकी मारली. शहाबादी फरशी, खाली माती. त्यांच्यातला मुंबईचा डॉक्टर तेवढ्यापुरता बाजूला झाला आणि बापामागं बांधाबांधानं पाट फिरवणारा माणूस पुढं आला.

“हातभर खोल हवा,” ते म्हणाले. “दीड हात असेल तर उत्तम.”

कमलबाईनं पहारीनं दोन फरश्या उचकटल्या. माती तिनंच उकरली, डॉक्टरांनी टोपलीनं बाहेर टाकली. बाकीच्या अकरा खाटांवरचे रोगी माना उंचावून बघत होते. खड्ड्याला आतून चुना फासला, भोवतीची फरशी तीनदा धुतली, उकळलेल्या चादरींची जाड घडी अंथरली आणि रूपसिंगला सोडवून खाली निजवलं. बाटली खड्ड्यात बसवली. डॉक्टरांनी नळीचा चिमटा काढला. सगळे नळीकडं बघत राहिले. मग आतून पाण्याची एक गढूळ रेघ सरकली आणि खड्ड्यात टप् असा आवाज झाला.

“ही खाट उंचीसाठी होती रे,” डॉक्टर त्याच्याकडं न बघता म्हणाले. “हे तुला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“माले वाटनं,” रूपसिंग म्हणाला, “तुमी पावनाले खाट देतस.”

डॉक्टर हसले आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवून गेले. ताप तिसऱ्या दिवशी पहाटे उतरला.

म्हणून काही सुटका झाली नव्हती. अजून दहा-बारा दिवस तेच छत, तेच खाटांचे पाय, आता खालून दिसणारे. होळीच्या दिवशी गल्लीच्या कोपऱ्यावर गोवऱ्या रचल्या, पोरांनी बोंबा मारल्या, धूर खिडकीतून आत आला. रूपसिंग भुईला पाठ लावून डोळे मिटून पडला. काठीला आत्ता ढोल लागले असतील, दांडा उभा राहिला असेल, बुध्ये फेर धरत असतील. त्याचा उजवा पाय चादरीखाली आपोआप ठेका धरायला लागला. ही होळी पाचवी धरायची की नाही, हे त्याला कळत नव्हतं. विचारायलाही जवळ कुणी नव्हतं.

एकविसाव्या दिवशी खड्ड्यातल्या बाटलीत पाणी स्वच्छ होतं. नळ्या निघाल्या. जखम मिटली, आणि सगळे तिसऱ्या दिवसाची वाट बघत बसले. तिसरा दिवस आला, गेला. ताप आला नाही. महिना गेला, पावसाळा गेला. डॉक्टरांनी दर महिन्याला बघितलं आणि दर वेळी तेच बजावलं: हे दुखणं लबाड असतं, वर्षांनीही उठतं, पाय दुखला तर लपवू नकोस. रूपसिंग रोज सकाळी उठायच्या आधी नडगीला हात लावून बघायचा. ही भीती आता जन्माची सोबतीण आहे, हे त्यानं मान्य करून टाकलं होतं.

कार्तिकात तो वर निघाला. बाजाराच्या दुसऱ्या दिवसाची पहाट होती. पुढं रमिलाबाई, मागं हा, हातात काठी, कनवटीला हाडाची कुपी. पहिल्या वळणाशी तो थांबला. दुसऱ्या वळणाशी बसला, फडकं सोडून नडगी पाहिली. कोरडी होती. रमिलाबाई तेवढा वेळ उभी राहिली. चार तासांच्या वाटेला त्यांना सूर्य उगवल्यापासून तो कलेपर्यंत वेळ लागला. शेवटचा चढ त्यानं काठी बगलेत मारून, दोन्ही हातांनी खडक धरत पार केला आणि समोर आपलं घर पाहिलं. छप्पर एका अंगानं खाली आलं होतं. मोह मात्र दुप्पट झाला होता.

त्यानं आधी मोहाच्या मुळाशी खड्डा केला, कुपीतलं हाड आपल्या हातानं त्यात ठेवलं आणि वर माती ओढली. मग अंगणात आला. आल्या आल्या त्यानं मोहाच्या पानांकडं पाहिलं. वारा दरीतून वर येत होता. तो अंगणाच्या वरच्या टोकाला, कुडाच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

रमिलाबाई भाकरी आणि चटणी घेऊन बाहेर आली. ताट तिनं त्याच्यापुढं ठेवलं आणि वळसा घालून त्याच्या पलीकडं, जिकडं वारा जात होता त्या बाजूला, त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली. बारा वर्षांत ती त्याच्या वाऱ्याच्या बाजूला कधी बसली नव्हती. आत्ताही ती ठरवून बसली नव्हती. तिथं सपाट दगड होता म्हणून बसली होती. शेतातल्या ज्वारीचं, पडलेल्या छपराचं काहीबाही सांगत होती.

रूपसिंगनं भाकरीचा तुकडा मोडला, पण तो तोंडापर्यंत जाईना. त्याचे खांदे हलायला लागले. ती बोलता बोलता थांबली आणि घाबरून त्याच्या पायाकडं बघायला लागली.

“पाय दुखतो का?”

त्यानं नकारार्थी मान हलवली. वारा त्याच्या अंगावरून तिच्याकडं जात होता आणि ती तिथंच बसून होती.